रॉय एल्ड्रिज: सॅक्सोफोनची धाव ट्रम्पेटवर आणणारा वादक

प्रश्न असा आला आहे: ट्रम्पेट शिकायला सुरुवात केली आहे, जॅझमधले मोठे ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग आणि त्याच्या पुढच्या पिढीतला डिझी गिलेस्पी ऐकले. दोघांबद्दल वाचताना रॉय एल्ड्रिज हे नाव सतत समोर येतं, पण त्याच्याविषयी सगळीकडे एकच वाक्य मिळतं, की हा त्या दोघांना जोडणारा वादक. मग त्याचं स्वतःचं काय होतं? आणि ऐकायचं तर कुठून सुरुवात करावी?

हा वादक माझ्या फार जवळचा आहे, म्हणून सविस्तरच लिहितो. ते वाक्य खोटं नाही. गिलेस्पीनं स्वतः एल्ड्रिजला आपल्या पिढीचा तारणहार म्हटलं होतं. पण एखाद्याची ओळख अमक्याचा वारस आणि तमक्याचा गुरू एवढ्यावर थांबली, की त्याचं वादन ऐकायचं राहूनच जातं. एल्ड्रिजचं काम काय, तर त्यानं सॅक्सोफोनची धाव ट्रम्पेटवर आणली. ट्रम्पेट त्या धावेसाठी बनलेलं वाद्य नाही. ते तिथं नेताना जी ओढाताण होते ती त्यानं झाकली नाही, आणि मला त्याचं मोठेपण तिथंच दिसतं.

त्याचा जन्म ३० जानेवारी १९११ चा, पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पिट्सबर्ग शहरातला. आई पियानो वाजवायची आणि एकदा ऐकलेली चाल लगेच हातात उतरवायची. थोरला भाऊ ज्यो व्हायोलिन आणि आल्टो सॅक्सोफोन वाजवायचा. रॉय सहाव्या वर्षापासून ड्रम बडवत होता. ट्रम्पेटकडे तो ज्योच्या आग्रहानं वळला आणि त्याचे सुरुवातीचे धडे झाले पी. एम. विल्यम्स नावाच्या न्हाव्याकडे. कान तल्लख होता, त्यामुळे नोटेशन वाचणं बराच काळ कच्चं राहिलं. ऐकायचं आणि वाजवायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

ड्रमची गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे त्याचे सोलो ऐकाल तेव्हा जाणवेल की सुरांच्या आधी त्याचा ठेका पक्का असतो. फार वेगात सूर निसटतो, क्वचित फाटतोही, पण मात्रा चुकत नाही. शिकणाऱ्यांना मी हे सतत सांगतो, कारण बहुतेक जण सुराच्या भीतीनं लय सोडतात.

सोळाव्या-सतराव्या वर्षी तो घर सोडून एका फिरत्या तमाशावजा खेळाच्या बँडमध्ये गेला. ते काम त्याला मिळालं ते एका सोलोमुळे. फ्लेचर हेंडरसनच्या ऑर्केस्ट्रानं मे १९२६ मध्ये ‘द स्टँपीड’ नावाची तबकडी केली होती. तिच्यात कोलमन हॉकिन्सचा टेनर सॅक्सोफोनवरचा सोलो आहे. रॉयनं तो सूरन् सूर पाठ करून ट्रम्पेटवर वाजवून दाखवला. नोकरी पक्की.

हा प्रसंग त्याच्यावरच्या प्रत्येक लेखात एका ओळीत उरकतात. तुम्ही ट्रम्पेट हातात धरता, म्हणून तुम्हाला मी तो जरा जवळून दाखवतो.

ट्रम्पेटला तीन व्हॉल्व्ह. काहीही न दाबता, फक्त ओठांचा ताण आणि हवा बदलून, मधला सा येतो, मग प, मग वरचा सा, ग, प, त्यानंतर जरा उतरलेला आणि म्हणून सहसा न वापरला जाणारा कोमल नी, आणि मग त्याच्या वरचा सा. बारकाईनं बघा: खाली सा ते प मोठी उडी आहे, वर जावं तसे हे सूर जवळजवळ येत जातात. म्हणजे वरच्या पट्टीत बोटं तीच असली तरी ओठ केसभर हलले की शेजारचा सूर लागतो. सॅक्सोफोनवर हा प्रकार इतका जाचक नाही. तिथे प्रत्येक सुराला स्वतःची बोटं आहेत आणि अंगठ्यानं एक चावी दाबली की तीच बोटं सप्तकभर वर जातात. हॉकिन्ससारखा वादक कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचे, सूर जिन्यानं उतरल्यासारखे सरसर घेऊ शकतो ते त्यामुळे. तीच चाल ट्रम्पेटवर घ्यायची म्हणजे दर सुराला बोटं, ओठ, जीभ आणि हवा या चौघांनी एकाच क्षणी जागा बदलायची.

आता आणखी एक गोम. टेनर सॅक्सोफोन आणि आपला नेहमीचा ट्रम्पेट, दोन्ही बी-फ्लॅट वाद्यं. टेनरचा कागद ट्रम्पेटवाल्यासमोर ठेवला तर पट्टी बदलायची गरज नाही, जसाच्या तसा वाजतो, फक्त एक सप्तक वर. पण टेनरला जे सूर मधल्या आवाक्यातले, ते ट्रम्पेटला माथ्यावरचे. हॉकिन्स जिथं आरामात फिरतो तिथं ट्रम्पेटवाल्याचे ओठ भाजतात. एका किशोरवयीन मुलानं हे कुणी न सांगता, नोटेशन धड येत नसताना, निव्वळ तबकडी ऐकून बसवलं. त्या वयात त्याच्यापुढे ट्रम्पेटवाले आदर्श नव्हते असं नाही; रेक्स स्ट्युअर्ट आणि रेड निकल्स त्याला आवडायचे. पण बोटांनी आणि ओठांनी जे वळण घेतलं ते सॅक्सोफोनचं.

पुढची दोन-तीन वर्षं मिडवेस्टमधल्या छोट्या बँडांत गेली. मिल्वॉकीत जॅबो स्मिथ या ट्रम्पेटवाल्यानं एका रात्री समोरासमोरच्या चढाओढीत त्याला चांगलंच लोळवलं. एल्ड्रिज ही हार आयुष्यभर सांगत असे. चढाओढ हा त्याचा स्वभावच होता. कुठं कुणी चांगला ट्रम्पेटवाला वाजवतो आहे असं कळलं की हा वाद्य घेऊन तिथं हजर. १९३० च्या शेवटी तो न्यूयॉर्कला आला. एल्मर स्नोडेनच्या बँडमध्ये असताना सॅक्सोफोनवादक ऑटो हार्डविकनं त्याला ‘लिटल जॅझ’ हे नाव दिलं. अंगानं लहानखुरा होताच. ते नाव शेवटपर्यंत चिकटलं.

एवढं सगळं होईपर्यंत त्याच्यावर आर्मस्ट्राँगचा असा प्रभाव नव्हता, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. वेगानं वाजवणं, उंच वाजवणं, समोरच्याला गार करणं यातच त्याला गोडी होती. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या लाफायेट थिएटरात त्यानं आर्मस्ट्राँगला प्रत्यक्ष ऐकलं. पहिला खेळ झाला तेव्हा त्याला विशेष काही वाटलं नाही. तो दुसऱ्या खेळाला थांबला. त्यात आर्मस्ट्राँगनं ‘चायनाटाऊन, माय चायनाटाऊन’ घेतलं. एकामागून एक कोरस, म्हणजे गाण्याची पूर्ण आवर्तनं, प्रत्येक आधीच्याच्या खांद्यावर उभा, आणि सगळ्याच्या शेवटी उंच एफ. सोलो म्हणजे सुरांची आतषबाजी नसते, त्याला बांधणी असते, हे एल्ड्रिजला तिथं उमगलं. जे त्याच्याकडे आधीपासून होतं ते वाया गेलं नाही. त्या वेगाला आता कुठंतरी पोचायचं होतं.

ही दोन घराणी एका माणसात एकत्र आली, हॉकिन्सकडून धाव आणि आर्मस्ट्राँगकडून बांधणी. एल्ड्रिज समजून घ्यायचा तर मी इथून सुरुवात करतो.

१९३५ हे वर्ष त्याला फळलं. टेडी हिलच्या बँडबरोबर तो सॅव्हॉय बॉलरूममध्ये वाजवत होता आणि तिथले कार्यक्रम रेडिओवरून जायचे. फिलाडेल्फियात एक तरुण ट्रम्पेटवाला ते कान लावून ऐकत असे. त्याचं नाव डिझी गिलेस्पी. त्याच वर्षी २ जुलैला टेडी विल्सनच्या रेकॉर्डिंगला रॉय होता. गायला वीस वर्षांची बिली हॉलिडे, क्लॅरिनेटवर बेनी गुडमन, टेनरवर बेन वेब्स्टर. ‘व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू’ त्या दिवशीचं. पुढे तो फ्लेचर हेंडरसनकडे गेला, म्हणजे ज्या ऑर्केस्ट्राच्या तबकडीनं त्याला पहिली नोकरी दिली तिथेच आता त्याची खुर्ची होती. १९३६ चं ‘ख्रिस्तोफर कोलंबस’ ऐका. टेनरवर चू बेरी आहे. बेरी आणि एल्ड्रिज यांचं सूत असं जमलं होतं की एकाचं वाक्य दुसऱ्यानं पुरं करावं.

त्याच वर्षी शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवरच्या ‘थ्री ड्यूसेस’ या क्लबमध्ये त्यानं स्वतःचा बँड उभा केला. भाऊ ज्यो आल्टोवर, बँडची बांधणी बरीचशी त्याचीच, आणि ड्रमवर झटी सिंगल्टन. जानेवारी १९३७ मध्ये या बँडनं ज्या काही तबकड्या केल्या त्या ऐकल्याशिवाय एल्ड्रिजविषयी बोलूच नये असं माझं मत आहे. ‘वॉबॅश स्टॉम्प’, ‘फ्लोरिडा स्टॉम्प’, ‘हेकलर्स हॉप’ आणि ‘आफ्टर यू’व्ह गॉन’.

‘आफ्टर यू’व्ह गॉन’ची लय चढी आहे. मध्ये ग्लॅडिस पामर गाते. तिच्यानंतर रॉय येतो आणि जागोजागी बँड त्याला एकटं सोडतो, म्हणजे ठेका थांबतो आणि त्या मोकळ्या मात्रांत फक्त ट्रम्पेट. शिकणाऱ्यानं तिथं कान द्यावा. पाठीमागे काही नसताना त्याची लय तसूभर ढळत नाही. बँड परत येतो तेव्हा तो बरोबर जागेवर सापडतो. इथं त्याचा ड्रम बडवणारा हात कामी येतो. आणि सूर कसे आहेत बघा: सरळ सुरांची चढण नाही, कॉर्डचे सूर मोडून वर जातो, मध्येच परके सूर चाटून पुन्हा घरी येतो, सगळं सॅक्सोफोनच्या वळणाचं. अगदी वर गेल्यावर आवाजाला खरखर येते. ती खरखर काढून टाका, सगळं स्वच्छ करा, तर अर्धा एल्ड्रिज गेला.

या खरखरीबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगेल की तो दोष आहे. नव्हे. मंद लयीत तो किती नितळ वाजवतो ते ‘वॉबॅश स्टॉम्प’मध्ये कळतंच. तापल्यावर घशातून येणारी ती धार तो हवी तेव्हा आणायचा. पण नवशिक्यानं तिच्या मागे लागू नये. घसा आवळून वाजवायची सवय लागली की आवाजाचा गोलावा जातो तो परत मिळवायला फार त्रास होतो.

१९३८ मध्ये त्यानं काही काळ संगीत सोडलं आणि रेडिओ इंजिनिअरिंग शिकायला घेतलं. फार दिवस टिकलं नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये चू बेरीबरोबर कमोडोर कंपनीसाठी केलेलं ‘बॉडी अँड सोल’ तुमच्या यादीत असूच द्या. गाणं संथ, आणि एल्ड्रिज त्यात दुगुण धरतो. खालची लय तीच, वर दुपटीनं धावणारे सूर. हॉकिन्सची त्याच गाण्याची जगप्रसिद्ध तबकडी आली ती ऑक्टोबर १९३९ मध्ये, म्हणजे यानंतर जवळजवळ वर्षानं. पुढे बीबॉपवाल्यांनी, म्हणजे चाळीसच्या दशकात जॅझची नवी शैली आणणाऱ्या गिलेस्पीच्या पिढीनं, संथ गाण्यांना जे रूप दिलं त्याची चाहूल मला या तबकडीत ऐकू येते. चू बेरी ऑक्टोबर १९४१ मध्ये मोटार अपघातात गेला. तो राहता तर या जोडीनं काय केलं असतं हा विचार माझ्या मनातून जात नाही.

गिलेस्पीची गोष्ट इथंच सांगून टाकतो. १९३७ मध्ये टेडी हिलच्या बँडमध्ये त्याला जी जागा मिळाली ती एल्ड्रिजची जुनी जागा. त्याच मे महिन्यात त्या बँडनं ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ केलं. त्यातला गिलेस्पीचा सोलो नाव न सांगता ऐकवला तर भलेभले एल्ड्रिज म्हणतील. आवाजाची धार, वाक्य सुरू करण्याची पद्धत, सगळं उचललेलं. चार-पाच वर्षांनी हार्लेमच्या मिंटन्स या क्लबमध्ये तरुण मंडळी रात्र रात्र जॅम करू लागली तेव्हा एल्ड्रिजही तिथं जायचा, आणि एका रात्री त्याच गिलेस्पीनं त्याला मागे टाकलं. ज्यानं आयुष्यभर इतरांना चढाओढीत गाठलं त्याला हे सोसणं सोपं नव्हतं.

आता १९४१. त्या एप्रिलमध्ये ड्रमवादक जीन क्रूपानं त्याला आपल्या गोऱ्यांच्या बँडमध्ये घेतलं. गोऱ्या बँडनं खास पाहुणा म्हणून काळा वादक पुढे उभा करणं याआधी झालं होतं. बेनी गुडमनकडे टेडी विल्सन आणि लायनेल हॅम्प्टन होतेच. पण एल्ड्रिज ब्रास सेक्शनमध्ये, इतर ट्रम्पेटवाल्यांच्या ओळीत बसला. हे त्या काळी फार मोठं पाऊल होतं. ‘लेट मी ऑफ अपटाऊन’ या गाण्यात तो आणि गोरी गायिका अनिता ओ’डे एकमेकांशी थट्टेनं बोलतात, मग ती त्याला वाजवायला सांगते आणि ट्रम्पेट सुटतो. आज ऐकताना निरागस वाटतं. तेव्हा काळा पुरुष आणि गोरी बाई यांनी स्टेजवर असं बोलणं हेच धाडस होतं. गाणं तुफान चाललं. त्याच उन्हाळ्यातलं ‘रॉकिंग चेअर’ मात्र मला जास्त मोलाचं वाटतं. बँडची ताकद पाठीशी घेऊन तो एकटा अख्खं गाणं पेलतो.

स्टेजवर टाळ्या, आणि खाली उतरलं की हॉटेलात खोली नाही, जेवायला टेबल नाही. बाकीचा बँड एका ठिकाणी उतरायचा आणि याला गावाच्या दुसऱ्या टोकाला सोय शोधावी लागायची. एकदा त्याला जेवण नाकारणाऱ्या रेस्टॉरंटवाल्याशी क्रूपाची मारामारी झाली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. १९४३ मध्ये क्रूपाचा बँड फुटला. पुढच्या वर्षी एल्ड्रिज क्लॅरिनेटवादक आर्टी शॉच्या गोऱ्यांच्या बँडमध्ये गेला आणि तेच पुन्हा भोगलं. सॅन फ्रान्सिस्कोत एका नाचघराबाहेर पाटीवर त्याचं नाव लावलेलं, आणि दारावरचा माणूस त्याला आत सोडेना. आत पोचल्यावर पहिला भाग त्यानं डोळ्यांतलं पाणी आवरत वाजवला असं तो पुढे सांगायचा. शॉनं त्याच्या परीनं त्याची बाजू लावून धरली होती, याचीही आठवण तो ठेवायचा. पण गोऱ्यांच्या बँडबरोबर पुन्हा असा दौरा करायचा नाही हे त्यानं ठरवून टाकलं.

हे सांगायचं कारण केवळ इतिहास नाही. १९४५ च्या त्या शॉ बँडच्या ‘लिटल जॅझ’ या तबकडीत तो अख्ख्या ऑर्केस्ट्रासमोर नायकासारखा उभा आहे, आवाज भरदार, भीतीचा लवलेश नाही. हे वादन आणि ते दार एकाच वर्षभरातले आहेत. शॉच्याच छोट्या ग्रॅमर्सी फाइव्ह संचातलं ‘स्कटलबट’ही जरूर ऐका, तिथं तो हलक्या हातानं, जवळजवळ गप्पा मारल्यासारखा वाजवतो.

दुसरं महायुद्ध संपलं तोवर बीबॉपची हवा झाली होती. तरुणांना तो जुना वाटायला लागला, आणि काही काळ त्याला स्वतःलाही. १९५० मध्ये बेनी गुडमनबरोबर तो युरोपात गेला आणि दौरा संपल्यावर पॅरिसलाच राहिला. तिथं दारावर कुणी अडवत नव्हतं आणि नवं की जुनं असं कुणी विचारत नव्हतं. आपण आपल्या पद्धतीनं वाजवलं तरी चालतं हा भरवसा त्याला तिथं परत मिळाला. १९५१ मध्ये तरुण पियानोवादक क्लोद बोलिंगबरोबर त्यानं नुसत्या ट्रम्पेट-पियानोवर ‘वाइल्ड मॅन ब्लूज’ आणि ‘फायरवर्क्स’ वाजवलं. ही दोन्ही आर्मस्ट्राँगनं विसाच्या दशकात केलेली. ज्याला तो तरुणपणी ओलांडून गेला होता त्याच्याकडे चाळिशीत आदरानं वळून पाहणं, असं मला ते ऐकताना वाटतं.

अमेरिकेत परतल्यावरचा एक प्रसंग त्याच्या सचोटीसाठी सांगतो. वादन ऐकून वादक काळा की गोरा हे आपल्याला ओळखता येतं, असा त्याचा ठाम दावा होता. समीक्षक लेनर्ड फेदरनं नावं न सांगता तबकड्या ऐकवल्या. एल्ड्रिजची उत्तरं बरीच चुकली. जे भोगून तो आला होता ते बघता त्याला तो दावा का करावासा वाटला हे समजतं. आणि चुकल्यावर त्यानं ते छापील मासिकातून सरळ कबूल केलं.

पन्नासच्या दशकात आयोजक नॉर्मन ग्रांझच्या ‘जॅझ अ‍ॅट द फिलहार्मोनिक’ दौऱ्यांत तो असायचा. ग्रांझ काळ्या-गोऱ्या प्रेक्षकांना वेगळं बसवणारं सभागृह घेतच नसे. इथं रोज चढाओढ, समोर बऱ्याचदा गिलेस्पीच. १९५४ मध्ये दोघांनी ऑस्कर पीटरसनच्या साथीनं एकत्र रेकॉर्डिंग केलं ते गुरुशिष्य शेजारी शेजारी ऐकायला उत्तम. ८ डिसेंबर १९५७ ला सीबीएस वाहिनीवर ‘द साउंड ऑफ जॅझ’ हा कार्यक्रम झाला. त्यात बिली हॉलिडे ‘फाइन अँड मेलो’ गाते आणि तिच्याभोवती वेब्स्टर, लेस्टर यंग, व्हिक डिकन्सन, जेरी मलिगन, हॉकिन्स आणि एल्ड्रिज. सगळे पाळीपाळीनं हळुवार वाजवतात. एल्ड्रिज शेवटी येतो आणि तारा ताणाव्यात तसा आवाज वर नेतो. त्या मैफलीत हे जास्त झालं असं काहींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. एवढ्या मऊ वादनानंतर कुणीतरी दार उघडणं गरजेचं होतं.

नवं संगीत त्याला झेपत नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी १९६० ऐकावं. न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवाच्या धोरणांविरुद्ध नव्या वळणाचा बेसवादक चार्ल्स मिंगसनं जो पर्यायी महोत्सव भरवला त्यात हा सामील होता, आणि त्या वर्षअखेरीच्या रेकॉर्डिंगमध्ये मिंगस आणि सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फी यांच्याबरोबर ‘मिस्टीरियस ब्लूज’ वाजवतो. त्याला वेगळी भाषा बोलायची गरज पडत नाही. साठच्या दशकात काही वर्षं एला फिट्झजेराल्डच्या साथीला, थोडा काळ काउंट बेसीकडे. १९७० पासून न्यूयॉर्कच्या वेस्ट ५४व्या रस्त्यावरच्या ‘जिमी रायन्स’मध्ये त्याचा स्वतःचा बँड दहा वर्षं वाजला. १९८० मध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि ट्रम्पेट थांबला. त्यानंतर कधी गायचा, कधी ड्रम किंवा पियानोवर बसायचा. १९८२ मध्ये अमेरिकन सरकारच्या कला संस्थेनं पहिल्यांदाच ‘जॅझ मास्टर’ हा सन्मान दिला तेव्हाच्या तिघांत तो होता, शेजारी गिलेस्पी आणि सन रा. २६ फेब्रुवारी १९८९ ला तो गेला. पत्नी व्हायोला त्याच्या तीन आठवडे आधी गेली होती.

आपल्याकडे मुंबईच्या हॉटेलांत त्याच काळात गोव्याचे वादक याच तबकड्यांवर कान तयार करत होते. अल्दोन्याचा चिक चॉकलेट तर भारताचा आर्मस्ट्राँग म्हणून गाजला, आणि सी. रामचंद्रांच्या पन्नासच्या आसपासच्या गाण्यांतून ही स्विंगची लय मराठी घरांत पोचली. त्यामुळे एल्ड्रिजची लय तुमच्या कानाला अगदी परकी वाटणार नाही, धाव मात्र नवी वाटेल.

आता ऐकायचं कसं ते. आधी ‘वॉबॅश स्टॉम्प’, मग ‘आफ्टर यू’व्ह गॉन’ १९३७ चं, मग ‘बॉडी अँड सोल’ १९३८ चं. तिघांवर आठवडा-दोन आठवडे राहा. त्यानंतर ‘रॉकिंग चेअर’ आणि मग पॅरिसची तबकडी. यूट्यूबवर ‘फाइन अँड मेलो’ची चित्रफीत आहे ती बघाच. बाकीचं नंतर आपोआप सापडत जाईल.

वाजवायला घ्यायचं तर थेट एल्ड्रिजला हात घालू नका. आधी सोलो तोंडानं गायला शिका, टाळीवर, शब्दांशिवाय. गाता येत नसेल तर ओठांना ते कधीच सापडणार नाही. मग अर्ध्या लयीत, फक्त दोन-दोन मात्रांचे तुकडे. उंच सुरासाठी माऊथपीस ओठांवर दाबू नका. दाबून सूर मिळतो, पण रक्त थांबतं आणि ओठ सुन्न पडून दहा मिनिटांत साथ सोडतात. हवा वाढवा, कोपरे घट्ट ठेवा, मधला भाग मोकळा. न दाबता येणाऱ्या सुरांवर, म्हणजे वर सांगितलेल्या सा-प-सा-ग-प वर, रोज दहा मिनिटं सावकाश खालीवर करा. एल्ड्रिजची सगळी धाव त्यावर उभी आहे.

जमलं की हॉकिन्सचा ‘द स्टँपीड’मधला सोलो घ्या. टेनरचं नोटेशन मिळालं तर पट्टी न बदलता समोर ठेवा. माथ्यावरचे जे सूर अजून लागत नाहीत ते सरळ एक सप्तक खाली घ्या, त्यात कमीपणा नाही. चार मात्रांपलीकडे जात नसाल तर कोणत्या सुरावर अडता ते नेमकं लिहून विचारा. बोटं अडतात की ओठ, यावर पुढचा उपाय ठरेल.